स्टिकर जपले, पत्रे फेकली : मराठवाड्याच्या रेडिओ-इतिहासाविषयी एक वाद

१/
मराठी मुलखातील रेडिओचा इतिहास आजवर बोलणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. केंद्र कोणत्या साली उघडले, उद्घाटन कोणी केले, कोणता निवेदक गाजला, हे सारे आपल्याला पाठ आहे. ते बोलणे कोणाच्या घरापर्यंत पोहोचले आणि कोणत्या रात्री वाटेतच विरून गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रस्तुत धागा या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. तो वाद घालण्यासाठीच लिहिला आहे, हे आरंभीच सांगतो.

२/
स्थळ : येलदरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. पूर्णा नदीवरील मातीचे लांबलचक धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले जलविद्युत केंद्र आहे. माझे आजोबा या धरणाच्या कामावर आले आणि वसाहतीतच राहिले. गेल्या वर्षी घर रिकामे करताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. आत निघाले ते असे : रेडिओ बाळगण्याच्या परवान्याची पुस्तिका, परदेशी रेडिओ केंद्रांचे अकरा स्टिकर, काही छापील कार्डे, आणि त्या केंद्रांना पाठविलेल्या पत्रांच्या नकला असलेली एक जाड वही.

३/
पेटीचे छायाचित्र पाहून एका संग्राहकाने निरोप धाडला, "स्टिकर द्या, चांगला भाव देतो. वही तुमच्याकडेच असू द्या." घरातल्या एका सुशिक्षित वडीलधाऱ्यांचे मत आणखी सोपे होते : "हा छंद होता रे त्यांचा, इतिहास नव्हे. रद्दीत घाल." पहिल्याला कागदाचा रंग हवा होता, दुसऱ्यांना कागदच नको होता. वही कोणालाच नको होती. माझे भांडण या दोघांशीही आहे, कारण पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू ती वहीच आहे.

४/
प्रथम या कागदांचे कूळ पाहू. अमेरिकेत १९२०नंतर प्रक्षेपण केंद्रे भराभर उघडली आणि दूरचे केंद्र पकडणे हा रात्रीचा खेळ झाला. १९२४मध्ये शिकागोच्या ‘एको’ कंपनीने त्यातून धंदा उभा केला. श्रोत्याने कार्यक्रम ऐकल्याचा पुरावा आणि दहा सेंटचे नाणे केंद्राकडे पाठवायचे, केंद्राने त्याला आपल्या नावाचे सुबक तिकीट पाठवायचे. तिकिटे छापणारी कंपनी चलनी नोटा छापणारीच होती. नियम ध्यानात ठेवा : पुरावा दिल्याशिवाय तिकीट मिळत नसे.

५/
याच रीतीचे थोर रूप म्हणजे ‘क्यूएसएल’ कार्ड. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूएसएल’ म्हणजे ‘संदेश पोहोचल्याची पावती’. श्रोत्याने दिनांक, वेळ, तरंगलांबी किंवा वारंवारता, ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील आणि श्रवणाचा दर्जा लिहून पाठवायचा. दर्जा सांगण्याची पाच आकड्यांची ‘सिन्पो’ नावाची पद्धत होती : संकेताचे बळ, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, आवाजाचे चढउतार, आणि एकंदर श्रवणीयता. प्रत्येकाला एक ते पाच गुण. केंद्राने आपल्या नोंदीशी पडताळा करायचा आणि मगच कार्ड धाडायचे. कार्डाबरोबर स्टिकर, छोटी पताका, दिनदर्शिका असे काही येई.

६/
गाडीच्या मागे चिकटवायचा स्टिकर हे याच घराण्यातले धाकटे अपत्य. त्याचे श्रेय सहसा कॅन्सस सिटीचे मुद्रक फॉरेस्ट गिल यांना देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी पाठीला गोंद असलेला कागद आणि चमकदार शाई यांचा मेळ घातला. अमेरिकी रेडिओ केंद्रांनी ही वस्तू उचलून धरली, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. जुन्या संचात केंद्र शोधायचे तर काटा फिरवावा लागे, आणि काटा कुठे थांबवायचा तो आकडा लोकांच्या डोक्यात राहणे केंद्राच्या जिवावरचे काम होते. म्हणूनच अशा स्टिकरवर नावाहून आकडा मोठा असतो.

७/
आपल्याकडे असा स्टिकर फार उशिरा आला. देशातले पहिले खासगी एफएम केंद्र जुलै २००१मध्ये बंगळुरूत सुरू झाले. तोवर देशात प्रक्षेपण करणारी संस्था एकच होती, आणि जिला प्रतिस्पर्धी नाही तिला गाडीच्या काचेवर नाव झळकविण्याची गरज काय? मग १९५० ते १९८० या काळातील भारतीय श्रोत्याचा कागद कोणता? तो टपाल कार्यालयात मिळे. त्याचे नाव परवाना.

८/
१९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने विनापरवाना रेडिओ संच बाळगणे हा गुन्हा ठरविला. दर वर्षी टपाल कार्यालयात शुल्क भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत संपली. या पुस्तिकेवर संचधारकाचे नाव, गाव, संचाचा प्रकार आणि प्रत्येक वर्षीचा शिक्का असे. रेडिओ कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणत्या वर्षापासून होता, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. परवाने रद्द झाले, त्या दिवशी लक्षावधी पुस्तिका निरुपयोगी ठरल्या. त्यांतल्या किती उरल्या असतील, हा विचार तुमच्या तालुक्यापुरता करून पाहा.

९/
आता माझ्या पहिल्या प्रतिपक्षाकडे, म्हणजे संग्राहकाकडे वळतो. पेटीतील एक स्टिकर हॉलंडच्या ‘रेडिओ नेदरलँड’चा आहे. त्यावर केंद्राचे नाव आहे आणि हिल्व्हर्सम हे गाव आहे. स्टिकर पाहणारा समजेल की हा आवाज हॉलंडमधून येलदरीस आला. तो समज चुकीचा ठरेल. या केंद्राने १९७२मध्ये मादागास्कर बेटावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभारले, आणि त्यानंतर दक्षिण आशियाकडे येणारे त्यांचे प्रक्षेपण मुख्यत्वे तेथून होई. वहीतल्या नोंदीत वारंवारता आहे, वेळ आहे. उत्तराच्या कार्डावर प्रक्षेपकाचे ठिकाण आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कळते : बोलणारा हॉलंडात होता, लहर हिंदी महासागर ओलांडून आली आणि पूर्णेच्या काठी ऐकली गेली. एकटा स्टिकर यातले काहीही सांगत नाही.

१०/
वहीतले आणखी एक उदाहरण देतो. आजोबांच्या पहिल्या काही नोंदींत ‘खरखर’ या रकान्यात सलग दोन गुण आहेत, म्हणजे त्रास पुष्कळ. पुढे एके दिवशी हा आकडा चारवर जातो आणि शेरा येतो : "संच घेऊन धरणाच्या भिंतीकडे गेलो. वीजघराची गुणगुण तेथे नाही." उच्चदाबाच्या तारा आणि रोहित्रे यांच्याजवळ रेडिओत घरघर येते, हे शास्त्र सर्वांना ठाऊक आहे. पण मराठवाड्यात वीज आणणाऱ्या त्या वसाहतीतच रेडिओ नीट ऐकू येत नव्हता आणि ऐकण्यासाठी माणसाला अंधारात भिंतीपर्यंत चालत जावे लागे, हे कोणत्या अहवालात सापडेल? धरणाच्या अहवालात नाही, केंद्राच्या स्मरणिकेतही नाही. ते सापडले एका कारकुनी अक्षरातल्या वहीत, जिला भाव नाही.

११/
म्हणून संग्राहकांना माझे स्पष्ट सांगणे : पत्रापासून तोडलेला स्टिकर म्हणजे कोरीव लेखापासून तोडलेला दगड. कपाटात शोभेल, पण त्याला विचारण्यासारखा प्रश्न उरणार नाही. आणि तो तोडणारा हात तुमचा असेल, तर स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवून घेताना थोडे थांबा.

१२/
आता दुसरा प्रतिपक्ष : "हा छंद आहे, इतिहास नव्हे." हे मत सभ्य आहे, सर्वत्र आहे, आणि म्हणून अधिक घातक आहे. याला उत्तर म्हणून १९४२चे एक प्रकरण मांडतो. ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचे पहिले प्रक्षेपण झाले, तरंगलांबी ४२.३४ मीटर. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बोलत राहिले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडले.

१३/
अडीच महिन्यांच्या त्या प्रक्षेपणात काय बोलले गेले, हे आज आपण तपशिलाने वाचू शकतो. कोणामुळे? बोलणाऱ्यांमुळे नव्हे, गुप्त केंद्र आपली कागदपत्रे जपून ठेवत नसते. ते शब्द टिकले, कारण ब्रिटिश सरकारची माणसे रोज संचापाशी बसून ऐकत होती आणि ऐकलेले उतरवून घेत होती. खटल्यासाठी केलेली ती टिपणे पुढे इतिहासाची साधने झाली. स्वातंत्र्यलढ्यातील सर्वांत धाडसी रेडिओचा इतिहास श्रोत्याच्या वहीमुळे वाचला. तो श्रोता पोलीस होता, इतकाच फरक.

१४/
मग माझा साधा प्रश्न : सरकारी पगारावर ऐकणाऱ्याची टिपणे ‘साधन’ आणि स्वतःच्या पदरचे टपाल लावून ऐकणाऱ्याची टिपणे ‘छंद’, हा न्याय कोणता? दोघांनीही दिनांक लिहिला, वेळ लिहिली, तरंगलांबी लिहिली, आशय लिहिला. विश्वासार्हता तपासायची कसोटीही एकच आहे. फरक असेल तर एवढाच, की एकाची वही अभिलेखागारात गेली आणि दुसऱ्याची माळ्यावर राहिली.

१५/
दुसरे उदाहरण गोव्याचे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालू केले. पुढे ते कॅसलरॉक परिसरात हलविले आणि १९६१पर्यंत चालविले. समोर पोर्तुगीज सत्तेचे अधिकृत केंद्र होते : ‘एमिसोरा द गोवा’. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बांबोळी येथील बिनतारी केंद्रावर हल्ला केला. सत्तेच्या केंद्राकडे छापील कागद होता, शिक्का होता. जंगलातल्या केंद्राला साहजिकच स्टिकर नव्हता. आपण केवळ केंद्रांनी छापलेले कागद गोळा करू लागलो, तर संग्रहात पोर्तुगीज सत्ता दिसेल आणि मुक्तिलढा दिसणारच नाही. त्या गुप्त आवाजाची साक्ष फक्त ऐकणाराच देऊ शकतो.

१६/
येथवर मुंबई आणि गोवा झाले. आता आपल्या घरात येऊ, कारण खरी जखम तेथे आहे. १९४७मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा भारतात आकाशवाणीची सहा केंद्रे होती : दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. मराठी मुलखात यांतले एकच. नागपूर १६ जुलै १९४८ला आले, पुणे २ ऑक्टोबर १९५३ला. मराठी रेडिओचा इतिहास सांगणारे याच क्रमाने सांगतात : मुंबई, नागपूर, पुणे, मग इतर. मराठवाडा त्या ‘इतर’मध्ये बसतो.

१७/
पण मराठवाडा त्या वेळी ब्रिटिश भारतात नव्हताच. तो निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचा स्वतःचा रेडिओ होता. हैदराबादेत १९३३च्या सुमारास २०० वॅटचे छोटे खासगी केंद्र चालू झाले. ते १९३५मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतले. यातूनच ‘डेक्कन रेडिओ’ उभा राहिला. त्याचे दुसरे केंद्र औरंगाबादेत होते, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. भाषा प्रामुख्याने उर्दू, तथापि तेलुगू, मराठी आणि कन्नड यांनाही काही जागा. १ एप्रिल १९५० रोजी हा सारा पसारा आकाशवाणीत विलीन झाला. पुण्याला केंद्र मिळण्याच्या आधी मराठवाड्याच्या भूमीवर रेडिओ केंद्र होते, हे किती मराठी पुस्तकांत वाचले आहे? मनाशी उत्तर द्या.

१८/
येथे तिसरा प्रतिपक्ष उभा राहतो, आणि तो आपल्यातलाच आहे. "तो निजामाचा रेडिओ. रझाकारांच्या काळात त्याने कोणाची बाजू घेतली, हे ठाऊक आहे. शत्रूचे कागद कशाला जपायचे?" ही भावना मी समजू शकतो. आमच्याही घरात त्या दिवसांच्या आठवणी आहेत, आणि त्या गोड नाहीत. तथापि भावनेला मान देऊनही मी म्हणेन की हा युक्तिवाद इतिहासाच्या मुळावर येणारा आहे.

१९/
कसे ते पाहा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली. १७ सप्टेंबरला सायंकाळी निजामाने रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. २३ सप्टेंबरला पुन्हा रेडिओवर भाषण करून त्याने आपली बाजू मांडली. ज्या १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, ध्वजवंदन करतो, त्या दिवसाची घोषणा ज्या यंत्रातून झाली ते यंत्र आपल्या स्मृतीतून वगळलेले आहे. औरंगाबाद शहर तर १४ सप्टेंबरलाच भारतीय सैन्याच्या ताब्यात आले होते. मग १७ तारखेची घोषणा परभणी-जिंतूरकडे कोणत्या केंद्रावरून पोहोचली? किती संचांवर? कोणत्या भाषेतून लोकांना कळली? की संच नसलेल्या खेड्यांना ती माणसांच्या तोंडूनच, एक-दोन दिवसांनी समजली?

२०/
हे प्रश्न हैदराबादच्या फायलींनी सुटणारे नाहीत. फाइल सांगेल की प्रक्षेपण झाले. पोहोचले की नाही, हे सांगेल एखाद्या वकिलाची रोजनिशी, एखाद्या व्यापाऱ्याच्या चोपडीतील शेरा, एखादा संच-परवाना, एखादे पत्र. ते कागद आजही कोणाच्या तरी माळ्यावर असतील, आणि ते ‘निजामाच्या काळातले’ म्हणून अधिक तत्परतेने फेकले जात असतील. शत्रूविरुद्धचा पुरावादेखील शत्रूच्याच कागदांत असतो. ते जाळून आपण त्याला निर्दोष सोडत आहोत.

२१/
मराठवाडा निसटण्याचे आणखी एक उदाहरण. १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणी पुणे केंद्राने ग्रामीण श्रोता-मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली. गावकऱ्यांनी एकत्र ऐकायचे, चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे. पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. मराठी श्रोत्यांची इतकी काटेकोर नोंद त्यापूर्वी झाली नव्हती. त्या १५० गावांत परभणी जिल्ह्यातले गाव असणे शक्यच नव्हते, कारण परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे प्रयोगानंतर काही महिन्यांनी.

२२/
अर्थ काय? मराठी श्रोत्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली, तेव्हा आपण सीमेच्या पलीकडे होतो. आपल्या आधीच्या रेडिओची आठवण आपण लाजेने टाकली. नंतर परभणीस आकाशवाणी केंद्र झाले, १३०५ किलोहर्ट्झवर दिवसभर जमिनीलगत येणारा त्याचा आवाज जिल्ह्याच्या ओळखीचा झाला. पण त्याच्या श्रोत्यांच्या पत्रांचे काय झाले, याची चौकशी कोणी केली नाही. म्हणून मराठवाड्याच्या बाबतीत घरोघरच्या पेट्या हा हौसेचा विषय राहत नाही. पश्चिम महाराष्ट्राला अहवाल आहेत. आपल्याला पेट्याच आहेत.

२३/
आता जे आक्षेप खरोखर वजनदार आहेत, त्यांना सामोरे जातो. पहिला : परदेशी केंद्रांचे कागद म्हणजे शीतयुद्धातील प्रचाराची खिरापत. मान्य. मॉस्को, पेकिंग, वॉशिंग्टन, कोलोन येथली केंद्रे हिंदीतून बोलत होती ती परोपकारासाठी नाही. पण प्रचार कोणी केला हे सर्वज्ञात असताना, तो झेलणाऱ्याने त्याचे काय केले, हाच शोधाचा विषय उरतो. आजोबांच्या वहीत परस्परांच्या वैरी असलेल्या दोन केंद्रांना एकाच आठवड्यात लिहिलेली पत्रे आहेत, आणि दोघांनाही त्यांनी एकच विनंती केली आहे : "आपल्या देशातील धरणांविषयी कार्यक्रम द्यावा." प्रचाराच्या दोन टोकांमध्ये उभा असलेला माणूस आपल्याच कामाविषयी विचारत होता. हे कोणत्या महासत्तेच्या संग्रहात मिळेल?

२४/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर : पत्र लिहिणारा साक्षर असे, बहुधा पुरुष असे, आणि परदेशी टपालाचा खर्च परवडणारा असे. बायका, शेतमजूर, निरक्षर यांचे ऐकणे या कागदांत नाही. हे खरे आहे, आणि ते लपविणारा संग्राहक अप्रामाणिक आहे. आमच्या परवान्यावर नाव आजोबांचे. दुपारचा रेडिओ मात्र आजी ऐकत असे, आणि तिची एकही ओळ पेटीत नाही. म्हणून कागद जपणे पुरेसे नाही. घरातील वृद्ध स्त्रियांना आजच विचारा : संच कुठे ठेवलेला असे, लावायची मुभा कोणाला होती, कोणती वेळ तुमची होती? कागदातील ही पोकळी भरण्याचा मार्ग कागद फेकणे हा नाही, त्याला आठवण जोडणे हा आहे.

२५/
तिसरा प्रकार आक्षेपाचा नाही, लाडाचा आहे. ‘काय ते दिवस!’ म्हणत बिनाका गीतमालेची चित्रे फिरविणारे पुष्कळ आहेत. मला त्या आनंदाचा हेवा वाटतो, राग नाही. परंतु लक्षात घ्या : रेडिओ सिलोनवर ती मालिका डिसेंबर १९५२मध्ये सुरू झाली आणि गाजली, त्यामागे राजकारण होते. त्याच काळात केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीते आटली होती. श्रोत्यांनी काटा दुसऱ्या देशाकडे वळविला, आणि सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. कोट्यवधी लोकांनी नुसत्या काटा फिरविण्याने सरकारचे धोरण वाकविले. एवढी मोठी गोष्ट आपण ‘गोड आठवण’ म्हणून संपवितो, कारण काटा फिरविणाऱ्यांच्या नोंदी आपण ठेवल्याच नाहीत.

२६/
तरुण वाचकांपैकी अनेकांकडे एफएम केंद्रांचे स्टिकर असतील. तेही टाकू नका. मात्र ते काय आहेत हे जाणून ठेवा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ध्वनिलहरी वाहणाऱ्या वारंवारता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे स्टिकरवरचा तो मोठा आकडा तुमच्या-आमच्या मालकीचा आहे. कंपनीने तो ठरावीक मुदतीसाठी घेतला आहे. मुंबईत २००२मध्ये ‘गो ९२.५’ आले, पुढे ते नाव गेले आणि ‘रेडिओ वन’ आले. नावे बदलतात, भाडेकरू बदलतात. आणि या खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा आजही नाही. आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात. इतक्या रंगीत स्टिकरांच्या गर्दीत स्वतःची बातमी देणारे केंद्र एकही नाही, हीसुद्धा इतिहासाने नोंदवायची गोष्ट आहे.

२७/
आणखी एक भेद. एफएमची लहर साधारण दृष्टीच्या टप्प्यात चालते, काही दहा किलोमीटर. नांदेडच्या वा संभाजीनगरच्या केंद्राचा स्टिकर येलदरीत आला तर तो जीपच्या काचेवरून आला, लहरीवरून नाही. लघुलहरी मात्र आकाशातील विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन खंड ओलांडत. त्यामुळे १९७५च्या सुमारास येलदरीच्या भिंतीवर बसलेल्या माणसाला मादागास्कर जवळ होते आणि आज त्याच्या नातवाला नांदेडचा स्टिकर दिसतो, केंद्र ऐकू येत नाही. स्टिकर कुठे सापडला आणि केंद्र कुठवर ऐकू येत होते, या दोन नकाशांत किती अंतर पडते ते मोजा. खरा अभ्यास तेथून सुरू होतो.

२८/
आता कामाचे बोलू.
• पेटी सापडली तर काहीही वेगळे करण्याआधी आहे त्या क्रमाने छायाचित्रे घ्या. कोणता कागद कोणत्या पाकिटात होता, हीच अर्धी माहिती असते.
• चिकटविलेला स्टिकर उपटू नका. संचावर, ट्रंकेवर, दारावर असेल तर त्या वस्तूसह नोंद करा.
• पाकिटावरील टपालशिक्का कापून घेऊ नका. दिनांक आणि गाव तेथेच असते.
• प्लॅस्टिकच्या गोंदवाल्या पट्ट्या लावू नका. आम्लरहित कागद, कोरडी जागा पुरे.
• शेवटी, घरातील जिवंत माणसाला विचारून एक पान लिहा : संच कोणाचा, कधी घेतला, कोण ऐकत असे.

२९/
आणि जपलेले कुठे द्यावे? मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला विकण्याआधी आपल्या तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय, जवळचे महाविद्यालय, जिल्ह्यातील इतिहास विभाग यांना विचारा. ते नाही म्हणतील, पहिल्यांदा नक्कीच म्हणतील. तेव्हा हा धागा त्यांना वाचायला द्या आणि दुसऱ्यांदा विचारा. जुना शिलालेख शोधायला दहा कोस चालणारी आपली पिढी स्वतःच्या माळ्यावर चढत नाही, हे मला पटत नाही.

३०/
लघुलहरींचा काळ आपल्या डोळ्यांदेखत सरला. रेडिओ नेदरलँडची जागतिक सेवा २०१२मध्ये लघुलहरींवरून उतरली. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. बोलणारे गेले, त्यांच्या ध्वनिफिती त्यांच्या देशांत सुरक्षित आहेत. ऐकणारे आपले होते. त्यांचे जपणारे आपणच, दुसरे कोणी नाही.

३१/
पेटी मी विकली नाही. स्टिकर, कार्डे, परवाना आणि वही एकत्र ठेवली आहेत. वहीतल्या प्रत्येक नोंदीची यादी करतो आहे आणि आजीशेजारी बसून तिच्या दुपारची नोंद त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहितो आहे. पहिल्या पानावर तिने सांगितलेले पहिलेच वाक्य असे आहे : "संच कोनाड्यात उंच ठेवलेला असे, मी स्टुलावर चढून लावत असे." अकरा स्टिकरांनी हे कधी सांगितले नसते.

धागा समाप्त. तुमच्या माळ्यावर काय आहे, ते खाली लिहा. वाद असेल तर तोही घाला.